ओट्यावरचे तीन मिलिमीटर

महाराष्ट्रातील शहरी घरात ज्या एका वस्तूविषयी सर्वांना मत असते आणि अधिकार मात्र एकीलाच असतो, ती वस्तू म्हणजे स्वयंपाकाचा ओटा होय. जमिनीपासून सुमारे बत्तीस ते चौतीस इंच उंच, भिंतीपासून दोन फूट रुंद आणि बिल्डरच्या औदार्यानुसार सात ते बारा फूट लांब असलेल्या या सपाट पृष्ठावर गॅसची शेगडी, सिंक, मिक्सर, दुधाचे पातेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर आणि ज्यांची जागा घरात अन्यत्र ठरलेली नाही अशा चाव्या, औषधाच्या गोळ्या व विजेचे बिल यांचे सहजीवन चालते. या पृष्ठावर कोणता पदार्थ बसवावा हा प्रश्न वरवर पाहता बांधकामशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो नातेसंबंधांचा, प्रतिष्ठेचा आणि काही अंशी अध्यात्माचाही आहे, कारण शाश्वत काय आणि नश्वर काय याचा निवाडा त्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून करावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या एका अगदी पातळ बाजूचा, तीन मिलिमीटर जाडीच्या ‘सॉलिड सरफेस’ थराचा, विचार केला आहे.

उभ्याने स्वयंपाक करण्याची रीत मराठी घरात फार जुनी नाही. चूल जमिनीवर होती तोवर विळी, पाटा, परात आणि स्वयंपाक करणारी बाई ही सर्वच मंडळी जमिनीवर होती, आणि जमीन शेणाने सारवलेली असो वा शहाबादी फरशीची असो, तिच्या रंगछटेबद्दल कोणी कोणाचा सल्ला घेत नसे. चूल कमरेइतक्या उंचीवर आली आणि तिच्यामागोमाग स्वयंपाकघर ही पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू झाली. या स्थित्यंतराच्या युरोपातील प्रवर्तक म्हणून मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंचे नाव घेतले जाते. १९२६ साली त्यांनी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या घरबांधणी योजनेसाठी पावलांचा आणि मिनिटांचा हिशेब करून एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि ठरावीक मापांची कपाटे जोडून उभ्या केल्या जाणाऱ्या आजच्या ‘मॉड्यूलर किचन’चे ते आद्य रूप मानले जाते. हे काम हाती घेण्यापूर्वी आपण कधी संसार केला नव्हता आणि स्वयंपाकही केला नव्हता, असे बाईंनी पुढे स्वतःच सांगून टाकले. त्यांची मापे मराठी घरांपर्यंत येता येता बदलली. स्वयंपाक न करता स्वयंपाकघर आखण्याची परंपरा मात्र आरेखकांनी निष्ठेने जपली आहे.

मराठी ओट्याच्या इतिहासातील पहिले मोठे पर्व कडाप्प्याचे होय. आंध्र प्रदेशातील कडपा भागातून येणारा हा काळसर दगड जातीने चुनखडीचा असल्यामुळे लिंबू, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांचा थेंब त्यावर राहिला की तेथे फिकट डाग पडतो, आणि म्हणून सणावाराच्या आधी त्यावर तेलाचा हात फिरवण्याची चाल पडली. दुसरे पर्व ग्रॅनाइटचे. भूगर्भातील तप्त रस सावकाश थिजून झालेला हा अग्निजन्य खडक तव्याला भीत नाही, लिंबाला दाद देत नाही आणि काळा घेतला तर त्यावरचा मळही दिसत नाही. या तिसऱ्या गुणामुळेच तो घरोघरी पोहोचला असावा, असा तर्क करण्यास पुरेशी जागा आहे. ग्रॅनाइटने ओट्याचा प्रश्न इतका पुरता सोडवला की पुढच्या पिढीला करण्यासारखे काही उरले नाही. आणि सुटलेला प्रश्न नव्याने उपस्थित करणे हे तर इंटिरिअर डिझायनरांचे, म्हणजे घराचा अंतर्भाग सजवून देणाऱ्या व्यावसायिकांचे, उपजीविकेचे साधन आहे.

त्यांच्या हाती जो पदार्थ आला त्याचा जन्म स्वयंपाकघरात नव्हे तर प्रयोगशाळेत झाला. १९६७ साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत डोनाल्ड स्लोकम या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून ‘कोरियन’ तयार झाले, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच जातीचे इतर कंपन्यांचे जे तक्ते बाजारात आले त्या सर्वांना मिळून सॉलिड सरफेस असे नाव पडले. यात मुख्य घटक दोन असतात. एक ॲक्रिलिक, म्हणजे काचेऐवजी वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या कुळातील राळ. आणि दुसरा ॲल्युमिना ट्रायहायड्रेट ही बॉक्साइटपासून काढलेली पांढरी भुकटी, जी वजनाने सुमारे दोन तृतीयांश भरते. बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचे खनिज कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या डोंगरांतही सापडते, त्यामुळे या परकीय ओट्याशी मराठी मातीचे दूरचे का होईना नाते लागते. राळ, भुकटी आणि रंग एकत्र कालवून त्यांचा तक्ता ओतला जात असल्याने रंग वरपासून खालपर्यंत एकच राहतो; दोन तुकडे त्याच रंगाच्या गोंदाने जोडून घासले की सांधा जवळजवळ दिसेनासा होतो, आणि ओरखडा पडल्यास पॉलिश पेपरने घासून तो काढता येतो.

सनमायका या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिनेटपासून हा पदार्थ वेगळा आहे, हे दुकानात प्रत्येकाला किमान दोनदा समजावून सांगावे लागते. लॅमिनेट हा राळेत भिजवून दाबलेल्या कागदांचा, बहुधा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा असतो. १९१२ साली अमेरिकेत विजेच्या यंत्रांमधील अभ्रकाला पर्याय म्हणून त्याचा शोध लागला आणि पुढे तो टेबलांवर, कपाटांवर आणि रेल्वेच्या डब्यांत पसरला. त्याची नक्षी फक्त वरच्या कागदावर असते, म्हणून तो खरवडला गेला की आतला तपकिरी कागद उघडा पडतो. सॉलिड सरफेसच्या आत मात्र तेच असते जे बाहेर दिसते. वरून कीर्तन आतून तमाशा हा आरोप निदान या पदार्थावर करता येत नाही, आणि विक्रेते या नैतिक श्रेष्ठतेचे पैसे वेगळे लावतात.

हे पैसे कमी कसे करावे या विचारातून पातळ थराची कल्पना निघाली. सॉलिड सरफेसची सर्वमान्य जाडी १२ मिलिमीटर, जवळपास अर्धा इंच. त्याखाली ६ मिलिमीटरचे तक्ते मिळतात, ते बहुतकरून भिंतीसाठी. आणि त्याही खाली अमेरिकेतील उत्पादकांनी एक अष्टमांश इंचाचा, सुमारे तीन मिलिमीटरचा, थर काढला, तो सॉलिड सरफेस व्हिनिअर. व्हिनिअर म्हणजे साध्या फळीवर चढवलेला उंची पदार्थाचा पापुद्रा. सागवानी व्हिनिअर मराठी सुताराच्या चांगल्याच परिचयाचे असून प्लायवूडचे कपाट सागवानी म्हणून व्याह्यांना दाखवण्याची सोय त्याने कित्येक वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

पातळ थराच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद त्याच्या वजन नसण्याचा आहे. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचे क्षेत्रफळ वीस चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८६ चौरस मीटर होते. यावर १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट टाकल्यास त्याचे वजन नव्वद किलोच्या घरात जाते, १२ मिलिमीटरचा सॉलिड सरफेस अडतीस किलोच्या आसपास भरतो आणि तीन मिलिमीटरचा थर साडेनऊ किलोंत आटोपतो. हा हिशेब ऐकून यजमानांच्या डोळ्यांपुढे प्रथम सोसायटीच्या लिफ्टमधील सूचना येते, जीत बांधकामाचे सामान लिफ्टने नेल्यास दंड आकारण्यात येईल असे सचिवांच्या सहीने लिहिलेले असते. साडेनऊ किलो म्हणजे सामान नव्हेच, असे त्यांना वाटते. तथापि या तक्त्यांची प्रचलित लांबी बारा फूट असल्यामुळे तक्ता कितीही हलका असला तरी लिफ्टमध्ये मावत नाही आणि अखेर जिन्यानेच न्यावा लागतो, ही माहिती सहसा आगाऊ पैसे भरून झाल्यावर मिळते.

निवडीचा विधी दुकानात पार पडतो आणि त्याला किमान तीन व्यक्ती लागतात: जिला हवे ती, जो पैसे देणार तो, आणि ज्यांना या वयात काही नको असते परंतु काय घ्यावे हे ठाऊक असते त्या. दोन इंची चौकोनी नमुन्यांची माळ पुढ्यात टाकली जाते. दोन इंचांत कोणताही रंग सुसंस्कृतच दिसतो. त्या माळेबरोबर येणाऱ्या रंगीत पुस्तिकेतील स्वयंपाकघरांत पांढऱ्याशुभ्र ओट्यावर हिरव्या सफरचंदांचा काचेचा वाडगा, एक पुस्तक आणि उन्हाचा कवडसा एवढेच असते. कुकर, फोडणीची कढली किंवा भिजत घातलेली मटकी यांना त्या चित्रांत मज्जाव असतो. नमुना हाती आला की सून त्यावर तळहात फिरवते, मुलगा किंमत विचारतो आणि सासूबाई आधी नखाने खरवडून मग बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहतात. या तिघांत शास्त्रशुद्ध परीक्षा फक्त तिसरी असते. ग्रॅनाइटवर टिचकी मारली तर पेराला लागते आणि आवाज होत नाही. पातळ थरावर मारली तर जो आवाज येतो तो थराचा नसून खालच्या फळीचा असतो, आणि फळी कोठे थराला नीट चिकटलेली नसेल तर तेथे पोकळ बद्द आवाज येऊन सत्य बाहेर पडते. दुर्दैवाने दुकानात टिचकी मारायला मिळते ती सुट्या नमुन्यावर.

सासूबाईंचे दुसरे शास्त्र मात्र येथे उलटते. काळ्यावर मळ दिसत नाही, हे कडाप्पा आणि ग्रॅनाइट अशा दोन पर्वांच्या अनुभवातून सिद्ध झालेले सूत्र त्या ठामपणे सांगतात. परंतु ॲक्रिलिकच्या पृष्ठावर गडद रंग घेतला तर सुरीचा, बांगडीचा आणि स्टीलच्या डब्याच्या बुडाचा प्रत्येक ओरखडा पांढऱ्या रेघेने उमटतो, आणि फिकट, बारीक ठिपकेदार रंगात तोच ओरखडा हरवून जातो. म्हणजे या प्रश्नावर सून बरोबर असते, पण कारण तिलाही ठाऊक नसते. तिने पांढरा रंग सफरचंदांमुळे निवडलेला असतो. चकाकीच्या बाबतीत मात्र दोन्ही पिढ्यांचे एकमत असून ते सपशेल चुकीचे आहे. मऊ, किंचित निस्तेज पृष्ठावर घासकाम मिसळून जाते. चकचकीत पृष्ठावर दुरुस्त केलेली जागा कायमची वेगळी दिसते. तरीही चकाकी नसलेल्या नव्या वस्तूला मराठी घरात नवी म्हणत नाहीत.

यानंतर विक्रेता हळद, लिंबू आणि चहा यांचे थेंब नमुन्यावर टाकून दहा सेकंदांत ओल्या फडक्याने पुसून दाखवतो. प्रयोग खरा असतो. त्याचे गृहीतक खोटे असते. मराठी घरात हळदीचा डाग दहा सेकंदांत पुसला गेल्याचा दाखला विरळा. तो बहुधा बरणीखाली रात्रभर विसावतो आणि सकाळी सापडतो. हळदीतील कुर्कुमीन हे पिवळे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या स्पर्शाने लालसर होते, त्यामुळे नवख्या घरात पिवळा डाग धुण्याच्या पावडरीने घासल्यावर लाल झालेला पाहून पहिली घबराट उडते. हेच रंगद्रव्य उन्हात मात्र फिके पडत जाते, हे वाळवणाच्या कपड्यांवरून प्रत्येकीला माहीत असते. पण ओटा गच्चीवर नेता येत नाही. अखेर डाग घासून काढावा लागतो, आणि येथे जाडीचा हिशेब सुरू होतो, कारण प्रत्येक घासण्यात थराचा काही अंश जातोच. बारा मिलिमीटरला हा खर्च झेपतो. तीन मिलिमीटरच्या मालकाने हात आखडता घेतलेला बरा.

उष्णतेच्या परीक्षेत या पदार्थाची अधिकच त्रेधा उडते. ॲक्रिलिक साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. उकळत्या आमटीचे पातेले नेमके या सीमेवर असते. शिट्टी झालेल्या कुकरच्या आत तापमान १२० अंशांच्या आसपास असते. फोडणीतील तेल त्याहून बरेच वर जाते, आणि पोळ्या संपल्यावर उतरवलेला तवा तर सर्वांच्या पुढे असतो. दगडाच्या ओट्यावर तो तवा टेकला की दगड उष्णता खेचून पसरवून टाकतो. पातळ थराच्या खाली मात्र लाकडी फळी असते, जी उष्णता पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे सगळा ताप त्या तीन मिलिमीटरना एकट्यांनी सोसावा लागतो आणि त्यातून पांढुरका चट्टा, तडा किंवा खालचा गोंद सुटून आलेला फुगवटा असे परिणाम संभवतात. यावर उपाय सोपा आहे. गरम भांडे अडणीवर, चुंबळीवर किंवा लाकडी पाटावर ठेवावे. अडणी ही तिवईसारखी लोखंडी घडवंची मराठी स्वयंपाकघरात पूर्वापार होती, आणि ग्रॅनाइट आल्यावरच ती माळ्यावर गेली. आता तिला सन्मानाने खाली आणावे लागते. हा नियम घरात काटेकोर पाळला जातो तो पुरणपोळीच्या दिवसापर्यंत. त्या दिवशी दोन तवे, कटाचे पातेले आणि भजीची कढई यांना एकाच वेळी जागा लागते, अडणी एकच असते, आणि मदतीला आलेल्या नणंदेला नियम माहीत नसतो.

तरीही उष्णता आणि हळद हे या थराचे खरे शत्रू नव्हेत. खरा शत्रू पाणी आहे, आणि तोही वरून न येता खालून येतो. कंपनीच्या सूचनापत्रात ओटा ओलसर फडक्याने पुसावा असे लिहिलेले असते. मराठी ओटा पुसला जात नाही. तो धुतला जातो. रात्रीची भांडी झाली की शेगडी उचलून बाजूला ठेवायची, तांब्याने पाणी ओतायचे, घासणीने साबण फिरवायचा, पुन्हा पाणी ओतून ते हाताच्या कडेने किंवा रबरी वायपरने सिंककडे ओढायचे आणि मग मसोता पिळून सर्व कोरडे करायचे, हा दिनक्रमाचा समारोप आहे, आणि तो झाल्याशिवाय ज्या घरात दिवा मालवला जातो त्या घराविषयी शेजारी बोलतात. ॲक्रिलिकचा थर पाणी पीत नाही, ही गोष्ट खरी. पण भिंतीलगतचा सांधा, सिंकची कड आणि नळाचे छिद्र या तीन ठिकाणी खालची फळी उघडी असते. तेथून रोज थोडे थोडे पाणी आत झिरपते, फळी फुगते आणि तिच्या पाठीवरचा निर्दोष, डागरहित, संपूर्ण आरोग्यदायी थर जागचा उचलला जातो. अशा वेळी कंपनीचा माणूस येऊन थर तपासतो, थरात काही दोष नाही असे लिहून देतो आणि ते खरेही असते.

म्हणून या निवडीतील निर्णायक प्रश्न रंगाचा नसून फळीचा आहे, आणि तोच प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. भारतीय मानकांमध्ये आयएस ७१० या क्रमांकाचे ‘मरीन प्लाय’ असते, ज्याच्या गोंदाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. एवढी परीक्षा महाराष्ट्रात कडव्या वालांनाही द्यावी लागत नाही. याच्या खालच्या पायऱ्यांवर आयएस ३०३ चे प्लाय, लाकडाचे तंतू दाबून केलेले एमडीएफ आणि भुग्याचे पार्टिकल बोर्ड असा उतरता क्रम लागतो, आणि किमतीही त्याच क्रमाने उतरतात. वरच्या थरासाठी तीन शनिवार दुकाने पालथी घालणारे कुटुंब फळीची निवड सुतारावर सोपवते. सुताराचे तत्त्वज्ञान एका वाक्यात सामावलेले असते: “आतलं कुणाला दिसतंय, साहेब?” हे वाक्य निरुत्तर करणारे आहे, कारण संपूर्ण व्यवहाराचा पाया तोच आहे; जे दिसत नाही ते साधे ठेवून जे दिसते ते उंची करण्यासाठीच तर व्हिनिअर घेतलेले असते.

जे दिसू नये असे वाटते ती दुसरी गोष्ट म्हणजे कड. तीन मिलिमीटरचा थर समोरून तीन मिलिमीटरचाच दिसतो आणि ओट्याचे बिंग फुटते. त्यासाठी त्याच पदार्थाच्या पट्ट्या समोर उभ्या जोडून दीड-दोन इंचांची भक्कम कड तयार करतात, जेणेकरून पाहणाऱ्याला तेवढ्याच जाडीचा अखंड तक्ता असल्याचा भास व्हावा. बडा घर पोकळ वासा याचे इतके नेटके प्रात्यक्षिक अन्यत्र सापडणार नाही. आणि या कडेवरच घरातील सर्व बलप्रयोग होतात: नारळ खवण्याचे यंत्र तिला पेचाने आवळले जाते, बाटलीचे झाकण तिच्यावर आपटून उघडले जाते, आणि कोयता सापडत नसेल तेव्हा नारळही तिच्यावरच फोडला जातो. १२ मिलिमीटरच्या तक्त्यालाही हे मानवत नाही, पण त्याचा टवका निघाला तर निदान आत तोच पदार्थ असतो.

पातळ थर ही कल्पना मराठी संस्कृतीला नवी होती असे मात्र समजू नये. पितळेच्या भांड्यात आमटी कळकू नये म्हणून आतून कथलाची कल्हई केली जात असे, आणि तो थर या व्हिनिअरपेक्षाही कितीतरी पातळ होता. फरक असा की कल्हई टिकते असे कोणी कधी म्हटले नाही. ती उडणार हे भांडे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि दारावर भाता घेऊन येणाऱ्या कल्हईवाल्याला सारखेच ठाऊक होते. उडाली की नवी करायची, इतका तो सरळ व्यवहार होता. व्हिनिअर मात्र टिकण्याच्या हमीवर विकले जाते, आणि त्याचा कल्हईवाला अजून दारावर येत नाही. फोन केल्यावरही तो येईलच असे नाही.

या थराला त्याच्या मायदेशात मात्र न्याय्य जागा आहे. अमेरिकेतील घरांत ओटा विटांचा बांधलेला नसतो. लाकडी कपाटांवर बोर्ड टाकून त्यावर लॅमिनेट चिकटवलेले असते, आणि घर विकताना किंवा जुने झाल्यावर हा पृष्ठभाग बदलणे ही तेथील रीतच आहे. तेथे भांडी यंत्रात धुतली जातात आणि ओटा खरोखरच फडक्याने पुसला जातो. तेथील कित्येक मराठी कुटुंबांनीही या शिस्तीशी जमवून घेतले आहे. वास आणि डाग या दोहोंवर तोडगा म्हणून तळण आणि खमंग फोडणी यांच्यासाठी गॅरेजमध्ये दुसरी शेगडी ठेवली जाते आणि आतला ओटा पुस्तिकेतल्यासारखा राहतो. पुण्या-ठाण्याच्या सदनिकेत गॅरेज नसते. पार्किंग असते, आणि तेथे फोडणी द्यायला सोसायटीची परवानगी लागेल.

येथे पातळ थर बहुधा वेगळ्याच मार्गाने शिरतो. जुना ग्रॅनाइटचा ओटा भक्कम असतो, पण काळा असतो आणि आता ‘जुनाट दिसतो’. तो फोडायचा तर धूळ, डेब्रिस, दुपारच्या झोपेच्या वेळी हातोडी चालवल्याबद्दल खालच्या मजल्याची तक्रार आणि खालच्या कपाटांचे नुकसान हे सर्व ओढवते. म्हणून त्याच्याच पाठीवर लवचीक गोंदाने पातळ थर चिकटवण्याचा पर्याय सुचवला जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजलेल्या खडकावर पुढच्या दिवाळीपर्यंत फॅशनमध्ये राहील असे प्लास्टिक पसरणे हा प्रकार भूगर्भशास्त्रज्ञाला रडू आणील. पण सुताराच्या दृष्टीने, आश्चर्य वाटले तरी, व्हिनिअर लावण्याची ही सर्वांत शहाणी पद्धत आहे, कारण खाली फुगणारी फळीच नसते.

दगड की प्लास्टिक या वादात एक गंभीर मुद्दा सहसा निसटतो. पांढऱ्या ओट्यासाठी हल्ली ज्या ‘क्वार्ट्झ’चा बोलबाला आहे तो गारेच्या खड्यांचा व भुकटीचा राळेत बांधलेला कृत्रिम दगड असून त्यात स्फटिकमय सिलिका फार मोठ्या प्रमाणात असते. तो कोरडा कापला तर उडणारी सूक्ष्म धूळ कारागिराच्या फुप्फुसांत कायमची बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, प्रमाण कमी इतकेच. इमारतीच्या पार्किंगमध्ये तोंडाला नुसता रुमाल बांधून, पांढऱ्या ढगात बसून दगड कापणारा पोरगा सर्वांनी पाहिलेला असतो, आणि त्याच्याविषयी सोसायटीची तक्रार एवढीच असते की गाड्यांवर धूळ बसते. ॲक्रिलिक आणि ॲल्युमिनाच्या तक्त्यात सिलिकेचा हा धोका नाही. त्याच्या बाजूने बोलण्याचे हे कारण सफरचंदांपेक्षा पुष्कळच भक्कम आहे. दगड घ्यायचाच असेल तर तो पाण्याची धार सोडून कापवून घ्यावा आणि कापणाऱ्याला योग्य मास्क द्यावा, यासाठी होणारा खर्च ओट्याच्या खर्चात दिसतही नाही.

निवाडा द्यायचा तर तो असा देता येतो की रोज दोन वेळचा स्वयंपाक होणाऱ्या आणि रोज धुतल्या जाणाऱ्या मराठी ओट्यावर नव्या फळीवर बसवलेला तीन मिलिमीटरचा थर घेऊ नये. सॉलिड सरफेसच हवा असेल तर १२ मिलिमीटरचा, फिकट व बिनचकाकीचा घ्यावा, आणि भांडी कोठेही टेकवण्याची सवय सुटणार नसेल तर मुकाट्याने ग्रॅनाइटकडे वळावे. पातळ थराची खरी जागा डॅडोवर, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या दोन फुटी पट्ट्यावर आहे. शेगडीच्या ज्योतीपासून अंतर राखले तर तेथे त्याला तवा टेकत नाही, नारळ फोडला जात नाही, आणि टाइल्सच्या फटींत साचणारा तेलकट मळही टळतो. जेवणाच्या टेबलावर आणि जुन्या दगडाच्या पाठीवरही तो शोभतो. जाडी कोणतीही घेतली तरी सिंकसाठी कापून काढलेला तुकडा मात्र कारागिराकडून मागून घ्यावा. त्याच घाण्यातला तोच रंग पुढे बाजारात मिळत नाही, आणि टवका उडाला किंवा चट्टा पडला तर त्या तुकड्यातूनच ठिगळ काढावे लागते. तेव्हा तो पाण्याच्या माठाखाली घालू नये, कुंडीखाली तर नाहीच, आणि कोठे ठेवला आहे ते घरातील किमान दोघांना सांगून ठेवावे.